शिनोळीचे पार्सल आणि जीएसटी

(घरगुती माल ऑनलाइन विकणाऱ्या सभासदांसाठी मंडळाच्या सभागृहात जुलै २०२५ च्या अखेरीस मंडळाच्या कर मार्गदर्शन समितीने दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर)



करावरचे व्याख्यान म्हटले की पुढच्या रांगेत कार्यकारिणी आणि वर फिरणारे पंखे, एवढाच श्रोतृवर्ग असतो. आज जिन्यातही माणसे उभी आहेत. कारण उघड आहे. कर्नाटकाच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयवर जमा झालेल्या रकमा पाहून छोट्या दुकानदारांना नोटिसा पाठवल्या, बंगळूरला काहींनी क्यूआर कोड काढून ठेवले आणि रोख पैसे मागायला सुरुवात केली. त्या बातम्या बेळगावात पोहोचल्या तशी आमच्याकडे फोनांची रांग लागली. "आम्ही मसाला विकतो, आम्हाला पण येणार का नोटीस?" "सूनबाई शहापुरी साड्या टाकते मोबाईलवर, बंद करायला सांगू का?"

बंद करायला कुणालाही सांगू नका. आधी शांतपणे ऐका.

यूपीआयच्या नोटिसा हा वेगळा विषय आहे. तिथे खात्याने बँकेत आलेली रक्कम पाहिली आणि विचारले की एवढी उलाढाल असताना नोंदणी का नाही? अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांसारख्या बाजारावर विकणाऱ्यांच्या बाबतीत खात्याला शोधत बसावेच लागत नाही. तुम्ही काय विकले, किती विकले, हे ती कंपनीच दर महिन्याला सरकारला कळवते. जीएसटीसाठी तिचे वेगळे विवरणपत्र आहे, जीएसटीआर-८. ते पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत भरायचे असते. आयकरासाठी ती तुमच्या पॅनवर टीडीएस दाखवते. म्हणजे तुमच्या विक्रीची एक वही तुमच्याआधी सरकारकडे पोहोचलेली असते. आपले काम इतकेच की आपली वही तिच्याशी जुळली पाहिजे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तो आपल्या गावाचा आहे, इतर ठिकाणच्या मार्गदर्शनात तो दोन ओळींत उरकतात.

जीएसटी १ जुलै २०१७ ला आला तेव्हा ऑनलाइन बाजारावर माल विकणाऱ्याला पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होती. रस्त्यावरच्या दुकानदाराला मर्यादेची सवलत आणि घरात बसून वर्षाला लाखभराच्या चटण्या विकणाऱ्या बाईला मात्र नाही, असा तो अजब न्याय होता. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो बदलला. आता मर्यादेच्या आत उलाढाल असलेला छोटा विक्रेता नोंदणी न करता ऑनलाइन माल विकू शकतो. कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश येथे फक्त माल विकणाऱ्यासाठी ही मर्यादा वर्षाला ४० लाखांची आहे. आपले हैदराबादचे नातेवाईक असतील तर त्यांना सांगा, तेलंगणाने २० लाखांचीच ठेवली आहे. आणि मालाबरोबर सेवाही देत असाल, म्हणजे साड्या विकता आणि ब्लाउजही शिवून देता, तर मर्यादा २० लाखांची धरा. ती पॅनवर मोजतात, दुकानाची आणि ऑनलाइनची एकत्र. दुकान एका वहीत आणि मोबाईल दुसऱ्या वहीत असे चालत नाही.

या सवलतीला अटी आहेत. पॅन हवा. जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन, पत्ता आणि राज्य कळवून एक एनरोलमेंट क्रमांक घ्यायचा. तो मिळेपर्यंत विक्री सुरू करायची नाही. ही नोंदणी नव्हे. याला महिन्याचे विवरणपत्र नाही, आणि कंपनी तुमच्याकडून जीएसटीचा टीसीएसही कापत नाही. विक्री एकाच राज्यातून करायची. आणि शेवटची अट, जिच्यासाठी आम्ही आज इथे उभे आहोत: माल राज्याच्या बाहेर पाठवायचा नाही. एकही नग नाही.

बंगळूरच्या किंवा म्हैसूरच्या बाईला या अटीचे काही वाटत नाही. तिचे गिऱ्हाईक तिच्या राज्यात आहे. आपले कुठे आहे? आपल्या कुंद्याची, शहापुरी साडीची, काळ्या तिखटाची ऑर्डर येते ती कोल्हापूरहून, पुण्याहून, मडगावहून. लेक दिलेली तिकडे, भाऊ नोकरीला तिकडे, मराठीत "ताई, मागच्या वेळेसारखंच पाठवा" असे लिहिणारा तिकडेच. बेळगावहून कोलारला पार्सल पाठवा, पाचशे किलोमीटरच्या पलीकडे, ते राज्यांतर्गत. आणि दुचाकीवर अर्ध्या तासात पोहोचता येते त्या शिनोळीला पाठवा, ते आंतरराज्य, कारण शिनोळी चंदगड तालुक्यात आहे आणि चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात. सीमा कुठे असावी यावर आपल्या तीन पिढ्या बोलत आल्या. जीएसटीच्या संगणकाला त्यातले काही माहीत नाही, तो पिनकोड बघतो.

पत्त्याबद्दल एक खुलासा, कारण हा प्रश्न नेहमी येतो. ऑर्डर देणारी लेक बेळगावातच आहे, पैसे तिने इथून दिले, पण डबा पोहोचवायचा आहे कोल्हापूरला आत्याकडे. ही विक्री कुठली? गिऱ्हाईक स्वतः जीएसटी नोंदणी नसलेले असेल तर माल जिथे पोहोचतो तो पत्ता धरायचा, असे जून २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. म्हणजे ती आंतरराज्य झाली. पैसे कुणी दिले याने फरक पडत नाही.

एनरोलमेंट घेतलेल्या विक्रेत्याची राज्याबाहेरची ऑर्डर कंपनीने घेऊच नये असा नियम आहे. म्हणून काही भगिनी सांगतात, "आमचं सामान महाराष्ट्रात दिसतच नाही हो." बरोबर आहे, दिसणार नाही. तक्रार करून उपयोग नाही.

मग अशी पळवाट निघते की ऑनलाइन बाजार नको, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेऊ आणि कदंबा बसने पार्सल गोव्याला टाकू. कंपनी मध्ये नाही म्हणून टीसीएस नाही, टीडीएस नाही, हे खरे. पण करपात्र माल राज्याबाहेर विकणाऱ्याला नोंदणी सक्तीची आहे, उलाढाल कितीही असो आणि पार्सल कशानेही जावो. हाताने घडवलेल्या काही ठरावीक वस्तूंना यात सवलत आहे, त्यांची यादी आहे. आपली वस्तू त्या यादीत आहे का हे आम्हाला येऊन विचारा, अंदाजाने चालू नका. त्या सवलतीच्या भरवशावर ऑनलाइन बाजारात उतरण्याचा सल्ला मात्र आम्ही देणार नाही. नोंदणी आवश्यक असून केली नाही तर दंड १०,००० रुपये किंवा बुडवलेला कर, यांपैकी जो जास्त असेल तो. कर वेगळा.

इथे एक चांगली बातमीही आहे. तुमचा माल मुळातच करमुक्त असेल, आणि तेवढाच माल तुम्ही विकत असाल, तर नोंदणीचा प्रश्नच येत नाही. पापड करमुक्त आहे. छापील पुस्तके, हळदीकुंकवाच्या डब्यातले कुंकू, काचेच्या बांगड्या, मातीच्या गणेशमूर्ती करमुक्त आहेत. त्यामुळे फक्त पापड लाटून विकणारी आपली सभासद कोल्हापूरलाच काय, काश्मीरलाही पापड पाठवू शकते. पण त्याच खात्यावर तिने मसाल्याचे एक पाकीट टाकले की हिशेब बदलला. पापड करमुक्तच राहतात, ती मात्र करमुक्त विक्रेती राहत नाही. आणि कंपनीचे पान जीएसटी क्रमांक मागते म्हणून घाबरून नोंदणी करू नका. आधी मालाची यादी घेऊन बसा.

ज्यांचे गिऱ्हाईक खरोखर महाराष्ट्र-गोव्यातले आहे आणि माल करपात्र आहे, त्यांना आमचा सल्ला सरळ आहे. नोंदणी करा. संकेतस्थळावर नोंदणीला फी नाही. "पाच हजारांत करून देतो" म्हणणारा स्वतःची मजुरी सांगत असतो, सरकारची नाही. नोंदणीने काही हातातही पडते. कंपनी तुमच्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी लावते. नोंदणी नसताना तो तुमच्या खिशातून जातो. नोंदणी असेल तर तुमच्या विक्रीवरच्या करातून तो वजा होतो. खोकी, टेप, कुरियर यांच्यावरचाही.

ओझेही आहे, ते लपवणार नाही. विवरणपत्र विक्री नसलेल्या महिन्यातही भरावे लागते. बाळंतपणासाठी माहेरी गेलात, दुकान तीन महिने बंद, तरी शून्याचे विवरणपत्र हवेच. विसरलात तर शून्याच्या विवरणपत्राला दिवसाला २० रुपये आणि विक्री असलेल्याला ५० रुपये विलंब शुल्क. सलग सहा महिने काही भरले नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते आणि त्यासरशी ऑनलाइन दुकानही बंद पडते. छोट्यांना तिमाही विवरणपत्राचा पर्याय आहे, तो घ्या. राज्यातल्या राज्यातच विकणाऱ्याला कंपोझिशन योजनेतूनही आता ऑनलाइन विकता येते. आंतरराज्य विक्री तिच्यात चालत नाही, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना ती उपयोगाची नाही.

नोंदणी असलेल्यांच्या विक्रीवर कंपनी टीसीएस कापते. १ ऑक्टोबर २०१८ पासून तो १ टक्का होता, १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आहे. हा पैसा तुमचाच आहे, पण तो आपोआप हाती येत नाही. जीएसटीच्या संकेतस्थळावर टीडीएस-टीसीएस क्रेडिटचे एक पान आहे, तिथे जाऊन कंपनीने कळवलेली रक्कम मान्य करावी लागते, मग ती तुमच्या रोख खातेवहीत जमा होते आणि कर भरायला वापरता येते. कित्येकांचे पैसे त्या पानावर महिनोन्‌महिने पडून असतात. रक्कम लहान असते म्हणून कुणी बघत नाही. जीएसटीआर-१ मध्ये तक्ता १४ आहे, त्यात कोणत्या कंपनीमार्फत किती विक्री झाली ते दाखवायचे. कंपनीच्या जीएसटीआर-८ शी जुळणी होते ती इथे.

आता घराघरातला एक प्रकार. खाते सुनेचे, पण पॅन सासऱ्यांचा. किंवा माल आईचा, बँक खाते कॉलेजात शिकणाऱ्या मुलाचे. नाहीतर कोल्हापूरच्या भावाचा जीएसटी क्रमांक आहेच, त्यावरच टाकू. हे सगळे प्रेमाने होते आणि सगळे चुकीचे आहे. सरकारच्या लेखी विक्री त्याची, ज्याचा पॅन. सासरे निवृत्त आहेत, फक्त पेन्शन आहे, दरवर्षी आयटीआर-१ भरतात. त्यांच्या वार्षिक माहिती पत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये, अचानक सहा लाखांची विक्री उभी राहते. धंद्याचे उत्पन्न असणाऱ्याला आयटीआर-१ चालत नाही. मग नोटीस त्यांना येते, ज्यांनी आयुष्यात एक वेलची विकली नाही. आणि ज्या सुनेने पहाटे चारला उठून मसाला भाजला तिच्या नावावर कागदोपत्री काहीच उत्पन्न नसते. उद्या तिने बँकेकडे कर्ज मागितले तर दाखवायला काय? म्हणून खाते तिच्याच पॅनवर, तिच्याच बँक खात्यावर काढा. घरातल्या पुरुष मंडळींना आम्ही हे जरा मोठ्याने सांगत आहोत.

भावाच्या क्रमांकाचे तर आणखी वाईट. माल निघतो बेळगावहून आणि बिल कोल्हापूरचे. वाटेत गाडी तपासली गेली तर कागद आणि माल जुळणार नाहीत, आणि तुमची उलाढाल भावाच्या उलाढालीत मिळून त्याचे गणित बिघडेल.

गोदामाचाही असाच घोळ होतो. कंपनी म्हणते, माल आमच्या गोदामात ठेवा, लवकर पोहोचेल. ते गोदाम भिवंडीला असते. तिथून माल निघाला की विक्री महाराष्ट्रातून झाली, तेव्हा महाराष्ट्राची वेगळी नोंदणी लागते. आणि बेळगावहून भिवंडीला आपलाच माल आपण पाठवला तरी तोही कायद्याने पुरवठाच, त्याचे बिल करावे लागते. एवढा व्याप झेपणार असेल तरच हो म्हणा.

आयकरावर येतो. इथे सगळ्यात जास्त गफलत होते आणि ती एकाच ठिकाणी होते. बहुतेक जण बँकेत आलेल्या पैशाला विक्री समजतात. समजा एका सभासदाने वर्षात ६,००,००० रुपयांच्या साड्या विकल्या. कमिशन, डिलिव्हरी, जाहिरात मिळून कंपनीने १,५०,००० कापले. टीडीएस ६०० रुपये. बँकेत आले ४,४९,४००. ती म्हणते, माझी विक्री साडेचार लाख. एआयएस म्हणते, सहा लाख. सहा लाख बरोबर आहे. दीड लाख हा तिचा खर्च आहे, तो खर्च म्हणूनच दाखवायचा. विक्रीतून आधीच वजा करून आकडा लिहिला की तफावत दिसते, आणि तफावत शोधायला आता माणूस लागत नाही.

हा टीडीएस १ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झाला, कायद्यातला दर १ टक्का होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो ०.१ टक्का आहे. म्हणून मागच्या आर्थिक वर्षाच्या कागदात पहिल्या सहामाहीला एक दर आणि दुसऱ्या सहामाहीला दुसरा दिसेल, दचकू नका. व्यक्तीची त्या बाजारावरची वर्षाची विक्री ५ लाखांपर्यंत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेला असेल तर तो कापत नाहीत. दोन्हीपैकी काही दिले नसेल तर ५ टक्के कापतात. कापलेला परत हवा असेल तर विवरणपत्र भरावे लागते, दुसरा मार्ग नाही.

छोट्या विक्रेत्याला खर्चाच्या पावत्या जपत बसायचे नसेल तर अंदाजित उत्पन्नाची योजना आहे, कलम ४४एडी. बँकेतून किंवा ऑनलाइन आलेल्या विक्रीच्या किमान ६ टक्के नफा धरायचा, रोखीच्या विक्रीवर ८ टक्के, आणि आयटीआर-४ भरायचा. वरच्या उदाहरणात सहा लाखांचे ६ टक्के म्हणजे ३६,०००. हा किमान आकडा आहे. खरा नफा जास्त झाला असेल तर जास्तच लिहायचा. "सगळेच सहा टक्के लिहितात" हे आम्ही रोज ऐकतो, म्हणून मुद्दाम सांगतो. टक्के धरायचे ते सहा लाखांवर, बँकेत आलेल्या साडेचार लाखांवर नव्हे. बहुतेकांना प्रत्यक्ष कर लागणारही नाही. चालू आर्थिक वर्षापासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. पण कर शून्य असणे आणि विवरणपत्र न भरणे यांत फरक आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होणार आहे, तेव्हा कलमांचे आकडे बदलतील. वही लिहायची पद्धत बदलणार नाही.

घराच्या कागदांचे सांगून थांबतो. नोंदणीसाठी धंद्याची जागा दाखवावी लागते आणि आपली जागा म्हणजे स्वयंपाकघर. चालते. विजेचे बिल किंवा घरपट्टीची पावती, आणि घर दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचे संमतीपत्र. केंद्रीय कर विभागाने एप्रिल २०२५ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना बजावले आहे की जागेच्या मालकीचा यांपैकी एक पुरावा पुरे, उगाच आणखी कागद मागू नयेत. आपली अडचण वेगळी आहे. वाडा अजून आजोबांच्या नावावर, विजेचे बिलही त्यांच्याच नावाने येते, आणि संमती द्यायला आजोबा नाहीत. काका पुण्यात, आत्या सांगलीत, उताऱ्यावर वारस चढलेले नाहीत. कराच्या निमित्ताने का होईना, हे काम काढाच. निदान विजेचे बिल राहत्या वारसाच्या नावावर करून घ्या.

या वर्षी आयकर विवरणपत्राची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली आहे. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला आहे, म्हणजे विसर्जनानंतर नऊ दिवस हातात. म्हणून उत्सवातल्या अकराही दिवशी संध्याकाळी आरतीनंतर मांडवाशेजारच्या खोलीत आम्ही टेबल मांडून बसणार आहोत. येताना पॅन, आधार, कंपनीच्या पानावरून उतरवलेला एप्रिल ते मार्चचा विक्री अहवाल, बँकेचे पासबुक आणि एआयएसची प्रत आणा. एआयएस कसे काढायचे ते माहीत नसेल तर पासवर्ड माहीत असलेला घरातला मुलगा किंवा मुलगी बरोबर आणा. आणि विकता त्या सगळ्या वस्तूंची यादी एका कागदावर लिहून आणा, पापडासकट.